दारूचं व्यसन आणि जनुकं: आधी कंट्रोल कोण ते बघा

व्यसनाशी जोडलेली जनुकं शोधायची, म्हणजे व्यसन असलेल्या आणि नसलेल्या लोकांच्या डीएनएमधले लाखो बदल एकेक करून ताडून बघायचे म्हटलं की चर्चा लगेच सॉफ्टवेअरवर जाते. खरी गोम असते ती रुग्णांची तुलना कोणाशी करतो, म्हणजे कंट्रोल कोण, यात. ज्यानं आयुष्यात दारूला हातच लावला नाही, तो प्यायला असता तर व्यसनात अडकला असता का, हे कळायला मार्ग नाही. कंट्रोल म्हणून पिणारे, पण व्यसन न लागलेले लोक घ्यावेत.

दुसरा सापळा वंशाचा. एएलडीएच२ जनुकातला आरएस६७१ (हा त्या बदलाचा नोंदणी क्रमांक) हा बदल पूर्व आशियात भरपूर आढळतो, इतरत्र जवळजवळ नाहीच. तो असलेल्या माणसाच्या शरीरात दारू प्यायल्यावर अ‍ॅसिटाल्डिहाइड हा दारूपासून बनणारा विषारी पदार्थ साचतो, चेहरा लाल होतो, मळमळतं. साहजिकच व्यसन कमी. आता पूर्व आशियाई आणि युरोपीय नमुने एकत्र कालवले, तर पूर्व आशियात जास्त आढळणारा व्यसनाशी संबंध नसलेला कुठलाही बदल ‘संरक्षक’ दिसू लागतो. म्हणून प्रत्येक वंशगटाचं विश्लेषण वेगळं करायचं, त्यातही पहिले दहा प्रिन्सिपल कॉम्पोनंट (वंशातले बारीक फरक टिपणारे आकडे) घालायचे आणि वेगवेगळे निकाल शेवटी मेटा-अ‍ॅनालिसिसनं, म्हणजे संख्याशास्त्रीय रीतीनं, जोडायचे. नमुन्यात नातेवाईक असतील तर नातं हिशेबात धरणारं मिक्स्ड मॉडेल वापरा.

मूळ चाचणी साधीच आहे: प्रत्येक स्निपसाठी (डीएनएतला एका अक्षराचा बदल) लॉजिस्टिक रिग्रेशन, म्हणजे व्यसन आहे की नाही याचा त्या बदलाशी संबंध तपासणारं गणित; माणसाकडच्या त्या बदलाच्या प्रतींची संख्या ०, १ किंवा २, सोबत वय आणि लिंग. पी-व्हॅल्यूचा (निव्वळ योगायोगानं असा निकाल येण्याची शक्यता) उंबरठा ५×१०⁻⁸, म्हणजे ०.०५ भागिले दहा लाख स्वतंत्र चाचण्या. लॅम्डा, म्हणजे सगळे निकाल मिळून अपेक्षेपेक्षा किती फुगले ते सांगणारा आकडा, १च्या वर गेला म्हणून लगेच घाबरू नका. हजारो स्निपांचा बारीक बारीक परिणाम असला आणि नमुना मोठा असला की तो फुगतोच. ही फूग खऱ्या परिणामांची की वंशाच्या सरमिसळीसारख्या चुकीची, हे वेगळं करणाऱ्या एलडी स्कोअर रिग्रेशनचा इंटरसेप्ट १च्या जवळ आहे ना, ते पाहा.

विरळ स्निप वगळायची गाळणी लावताना जरा जपून. एडीएच१बी मधला आरएस१२२९९८४ हा या क्षेत्रातला सगळ्यात भक्कम दुवा, पण युरोपीय वंशात तो विरळा. कमी वारंवारतेची मर्यादा ५ टक्के ठेवली की बहुधा तोच उडतो. १ टक्का पुरे. डीएनए वाचणाऱ्या जुन्या चिपांवर तो नव्हता आणि इम्प्युटेशनही (आजूबाजूच्या स्निपांवरून न मोजलेल्याचा अंदाज) नीट होत नसे, तेव्हा शक्य असेल तर थेट जीनोटाइप करा, म्हणजे तो प्रत्यक्ष मोजा. एवढा ठळक दुवाही निकालात दिसला नाही, तर नवीन जनुकाच्या घोषणेआधी नमुन्याचा आकार आणि डेटा पुन्हा तपासा.

आणि ‘किती पितो’ या प्रश्नावरून व्यसनाचा अंदाज बांधू नका. दारूच्या सवयी तपासणाऱ्या दहा प्रश्नांच्या ऑडिट प्रश्नावलीतले पहिले तीन प्रश्न पिण्याचं प्रमाण मोजतात, उरलेले सात अवलंबित्व आणि त्रास. दोन्हींचं जनुकीय चित्र काही अंशीच जुळतं. दहाही प्रश्नांची बेरीज करून एकच आकडा वापरला, तर सापडलेलं जनुक नेमकं कशाचं हे सांगता येत नाही.