नोंद ७ : डावं वळण, चढ आणि न टेकणारा पाय

रविवारी गाडी पाडली, आमची स्प्लेंडर मोटरसायकल. यवतेश्वर घाटात, साताऱ्याहून वर चढताना, एका मोठ्या डाव्या वळणावर. मला लागलं नाही. क्रॅश गार्ड घासला आणि क्लच लिव्हर टोकाला वाकला. मागच्या नोंदीत मी ठामपणे लिहिलं होतं की चढावर थांबलेली गाडी मागे न जाऊ देता पुढे काढणं आता जमलंय. जमलं होतं ते सरळ चढावर. वळणातला चढ ही निराळीच गोष्ट आहे, आणि गेला आठवडाभर माझ्या डोक्यात दुसरं काही नाही.

झालं असं. वळणात शिरले तेव्हा तिसऱ्या गिअरमध्ये होते. वरून खडीचा डंपर येताना दिसला. वळण घ्यायला त्याला अख्खा रस्ता लागणार होता, म्हणून मी डावीकडे, आतल्या कडेला थांबले. टाचेने दोनदा दाबून पहिला टाकला, उजवा पाय मागच्या ब्रेकवर, डावा पाय खाली, म्हणजे शिकलेलं सगळं बरोबर केलं. पण डावा पाय टेकलाच नाही. नुसते चवडे लागले, तेही खडीवर. डंपर गेल्यावर घाईत क्लच सोडला, गाडी बंद पडली. सेल्फ मारला, परत बंद. तिसऱ्यांदा गाडी हातभर मागे गेली आणि डावीकडे कलली. एकशे बारा किलो म्हणजे हलकी गाडी असं आपण म्हणतो, पण एकदा ठरावीक कोनापलीकडे गेली की ती हाताने सावरत नाही. मागून येणाऱ्या दोन मुलांनी उचलून दिली.

घरी येऊन आबांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, “चढाला गाडी बंद पडली की तू क्लच दाबतीस का सोडतीस?” मला सांगताच येईना. त्या रात्री अंगणात गाडीवर बसून, डोळे मिटून, सगळं परत करून पाहिलं. मी दाबते. दर वेळी. घाबरले की डावी मूठ आपोआप आवळली जाते.

आणि घोळ नेमका तिथे होता. पहिल्या गिअरमध्ये इंजिन बंद पडलं आणि क्लच सुटलेला असला, तर मागचं चाक इंजिनाला जोडलेलं राहतं. गाडी जागेवर धरून ठेवायला तेवढं पुरतं. क्लच दाबला की तो जोड तुटतो आणि चाक मोकळं होतं. मी तीनही वेळा स्वतःच्या हाताने चाक मोकळं केलं. आता नियम पक्का : बंद पडली की आधी मूठ सोडायची, श्वास घ्यायचा, ब्रेक नीट धरायचा, मग क्लच दाबून सेल्फ.

पण पाय का टेकला नाही, हे उरलंच. माझी उंची पाच फूट एक इंच, स्प्लेंडरची सीट ७८५ मिलिमीटर. सपाट रस्त्यावर दोन्ही चवडे नीट बसतात. मंगळवारी दादाला घेऊन त्याच जागी गेले आणि रस्ता नीट पाहिला. वळणाला रस्ता आतल्या बाजूला उतरता असतो, बाहेरची कड उंच. आपण डावीकडून चालवतो, म्हणजे चढताना डावं वळण आलं की आपण बरोबर आतल्या, खोल कडेला. तिथेच चढ सगळ्यात उभा आणि वळण सगळ्यात आवळ. गाडी सरळ उभी ठेवली तर डाव्या पायाखालची जमीन उजव्यापेक्षा खाली. उजवा पाय मस्त टेकतो, पण तो टेकवला की मागचा ब्रेक गेला. उंच माणसाला हे कधी जाणवणारही नाही. बुटक्या रायडरसाठी हा खरा पेच आहे.

यावर आतापर्यंत करून पाहिलेलं सांगते. उजवा पाय खाली ठेवून पुढच्या ब्रेकवर गाडी धरायची, हे पहिलं. दोन बोटं ब्रेकवर आणि उरलेल्या तळव्याने, अंगठ्याने रेस. आमच्या गाडीला पुढे ड्रम ब्रेक आहे, दोन बोटांनी ती थांबेना, इंच इंच मागे सरकायची. चाकापाशी केबलचा नट आवळून मोकळीक कमी केली (चाक उचलून फिरवून बघा, घासायला नको), तेव्हा कुठे धरायला लागली. बुधवार-गुरुवार पहाटे अजिंक्यतारा किल्ल्याच्या रस्त्यावर सराव केला. इंजिनाचा आवाज जड होतो आणि गाडीचं मागचं अंग किंचित दबतं, तो क्षण ओळखायचा आणि मगच बोटं उचलायची. दहापैकी सात वेळा जमलं. सातव्या वेळी गाडी एक बोटही मागे न जाता सुटली, तेव्हा तिथेच थांबून टाकीवर हात फिरवला.

क्लचचंही बघितलं. नवा लिव्हर बसवताना मेकॅनिकने केबल इतकी ताणली होती की क्लच अगदी शेवटी, बोटं पूर्ण उघडल्यावर पकडायचा. माझी बोटं आखूड, तिथे ताबाच राहत नाही. लिव्हरच्या टोकाशी साधारण दीड सेंटीमीटर मोकळीक ठेवली, आता मधोमध पकडतो. याहून ढिला करू नका, मूठ पूर्ण दाबली तरी चाकाचा इंजिनाशी जोड नीट तुटत नाही आणि न्यूट्रल सापडेनासा होतो. हे काम गॅरेजवर सोडू नये, घरच्या पान्याने पाच मिनिटांत होतं आणि आपल्या हाताचं माप आपल्यालाच कळतं. टायरच्या हवेचंही तेच. पंपावर न विचारता चाळीस पीएसआय भरतात. एकटीसाठी पुढे २५, मागे २८ सांगून भरून घ्या, खडीवर फरक कळतो.

सीटचा फोम कापून घ्यायचा विचार पक्का होता, कारागिराशी बोलूनही ठेवलं होतं. पण हे लिहितानाच आठवलं की मागच्या शॉकअपला पाच खाचा असतात, खाच खालची तशी स्प्रिंग मऊ आणि सीट थोडी खाली. आत्ता उठून बघून आले. चौथ्या खाचेवर आहे! आबा वर्षानुवर्षं मागे दुधाचे कॅन बांधायचे, त्यांनीच कडक करून ठेवला असणार. दोन्ही बाजूंना पहिल्या खाचेवर आणला आणि बसून पाहिलं. फरक थोडा आहे, पण डावी टाच आता जमिनीच्या बरीच जवळ येते. फोम राहू दे. कापलेला परत भरता येत नाही, आणि लांबच्या प्रवासात पातळ सीट त्रास देते. त्यापेक्षा जाड तळव्याचे बूट घेते.

याच घाटातून कास पठारावर जायचा बेत होता, तोही बदलतेय. फुलांच्या हंगामात शनिवार-रविवारी घाटात चारचाकींची रांग लागते, म्हणजे प्रत्येक वळणावर थांबणं आलं. तिथे आत्ता जायचं नाही. आधी मधल्या वारी पहाटे नुसता घाट, वर-खाली. आणि वळणात थांबण्याऐवजी वळणाच्या अलीकडे, सरळ पट्ट्यात थांबायची सवय लावायची. वरचा रस्ता मान वळवून आधी बघायचा, मोठं वाहन दिसलं तर तिथेच थांबायचं, पहिला गिअर टाकूनच वळणात शिरायचं. त्या रविवारी माझी नजर पुढच्या चाकाच्या दोन हात पुढे होती, म्हणून डंपर उशिरा दिसला.

उद्या सहाला निघतेय. त्याच वळणावर मुद्दाम थांबायचं, पाच वेळा. दादा वरच्या टोकाला उभा राहून गाडी आली की हात करणार आहे. हवा भरली, केबलला तेल घातलं, शॉकअप पहिल्या खाचेवर.