१५ सेंटीमीटरचं मनगट आणि मिलिटरी स्टाइल घड्याळ: निवडीचा माझा अनुभव

माझ्या मनगटाचा घेर १५ सेंटीमीटर. बायकांमध्ये हे माप अगदी सर्वसाधारण आहे, पण दणकट म्हणून विकली जाणारी बहुतेक घड्याळं याहून बऱ्याच जाड मनगटाच्या हिशोबाने बनवलेली असतात. म्हणून निवड करताना फीचर्सची यादी मी सगळ्यात शेवटी उघडली. आधी मोजपट्टी घेतली.

घेर कळला की पट्ट्याचा अंदाज येतो. घड्याळ बसेल की नाही, हे मात्र मनगटाच्या वरच्या सपाट भागावर ठरतं. हात टेबलावर पालथा ठेवायचा, मनगटावर आडवी पट्टी धरायची आणि दोन्ही बाजूंना जिथून उतार सुरू होतो तिथपर्यंतचं अंतर वाचायचं. माझं ४६ मिलिमीटर भरतं. हे माप संध्याकाळी किंवा चालून आल्यावर घ्यावं. उन्हात आणि श्रमाने मनगट थोडं फुगतं, आणि सकाळी नेमकं बसलेलं घड्याळ दुपारी रुतायला लागतं.

आता हा आकडा घड्याळाच्या कोणत्या मापाशी ताडून पाहायचा? जाहिरातीत डायलचा किंवा केसचा, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या खोक्याचा, व्यास ठळक छापतात. आपल्याला हवी ती लग टू लग लांबी. लग म्हणजे केसचे पट्टा अडकवायचे कान; वरच्या लगच्या टोकापासून खालच्या लगच्या टोकापर्यंतचं हे अंतर. ते सपाट भागापेक्षा जास्त असेल तर लग हवेत तरंगतात, घड्याळ डुगडुगतं आणि दाराच्या चौकटीला, बॅगेच्या बंदाला अडकत राहतं. मापाबाहेरचं घड्याळ जास्त आपटतं, म्हणून माप हा मला टणकपणाचाच भाग वाटतो.

कॅसिओच्या जी-शॉकचं उदाहरण घेऊ. चौकोनी डीडब्ल्यू-५६०० चं माप ४८.९ × ४२.८ × १३.४ मिलिमीटर आहे. ४६ च्या मनगटावर ते बाहेर जातंच, शिवाय रेझिनचा (एक प्रकारच्या प्लास्टिकचा) पट्टा केसपाशी कडक असतो. तो लगेच खाली वळत नाही, दोन्ही बाजूंना पंखासारखा उभा राहतो. त्याच ढंगाचं लहान जीएमडी-एस५६०० साधारण ४५.७ × ४०.५ × ११.३ आहे. कागदावर फरक जेमतेम ३ मिलिमीटरचा आणि जाडीत २ चा, पण जॅकेटची बाही त्यावरून सहज सरकते. दुकानात जाण्याआधी मी पुठ्ठ्याचे तुकडे अचूक मापात कापले, जाडी भरेपर्यंत एकावर एक चिकटवले आणि मनगटावर टेपने लावून घरभर फिरले. कोपरापासून हात वळवणं, बाही खाली ओढणं, जमिनीवर तळवा टेकून उठणं, एवढं करून पाहिलं तरी अर्धी यादी गळते.

तळवा टेकून उठणं मुद्दाम सांगते. मनगट मागे वाकलं की उजव्या बाजूची चावी किंवा बटण हाताच्या पाठीत रुततं. डिजिटल घड्याळात यामुळे बटणं आपोआप दाबली जातात आणि स्टॉपवॉच भलत्याच वेळी सुरू होतं. चावी ३ वाजण्याच्या जागी असण्यापेक्षा ४ वाजण्याच्या जागी असली की त्रास कमी. दुसरा उपाय म्हणजे मनगटाच्या वर आलेल्या हाडाच्या कोपराकडच्या बाजूला घड्याळ बांधणं. ते हाड मग घड्याळाला खाली घसरू देत नाही.

मिलिटरी म्हणजे मोठं, हा समज अलीकडचा. दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन ए-११ घड्याळं साधारण ३२ मिलिमीटरची होती. मॅरेथॉन कंपनीचं जनरल पर्पज मेकॅनिकल आजही ३४ मिलिमीटरचं मिळतं, आणि त्यावर ‘लेडीज’चा शिक्का नाही. काट्यांचं घड्याळ हवं असेल तर शोध ३४ ते ३८ मध्ये ठेवावा. सिटिझनचं सौर ऊर्जेवर चालणारं बीएम८१८० हे ३७ चं आहे आणि त्याचा पट्टा १८ मिलिमीटरचा. हॅमिल्टनचं खाकी फील्ड मेकॅनिकल ३८ चं असलं तरी त्याचे लग लांब आहेत, लग टू लग सुमारे ४७. माझ्या मनगटावर ते काठावर बसलं, म्हणून सोडलं. ‘लेडीज’ म्हणून वेगळ्या काढलेल्या मॉडेलकडे संशयाने पाहिलेलं बरं. आकार कमी करताना कधी पाण्याचं रेटिंग २०० वरून १०० मीटरवर येतं, कधी काटे इतके बारीक होतात की अंधारात दिसायला चमकणारा रंगच उरत नाही.

अंधाराचं जरा सविस्तर सांगते. काट्यांवरचा नेहमीचा चमकणारा रंग प्रकाश पिऊन ठेवतो आणि परत देतो. पहिला तासभर तो झकास दिसतो, मग मंदावत जातो. रंगाचं क्षेत्रफळ जितकं कमी तितका तो पहाटे निरुपयोगी. दुकानात दिव्याखाली मिनिटभर धरून ओंजळीत पाहिलं की सगळीच घड्याळं उजळ दिसतात, म्हणून डोळे अंधाराला सरावल्यावर, दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावं. ट्रिटियम वायूच्या नळ्या प्रकाश न देताही रात्रभर सारख्या उजळतात, मात्र ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं असल्याने तेवढ्या काळात उजेड निम्म्यावर येतो. डिजिटलमध्ये दिवा असतो, पण त्यासाठी दुसरा हात मोकळा लागतो. काळ्या पडद्यावर पांढरे आकडे दिसायला देखणे, संधिप्रकाशात वाचायला त्रासाचे. मी साधा पडदा घेतला.

आता टणकपणाचे दावे. खोक्यावर ‘मिल-एसटीडी-८१०’ हे अमेरिकी लष्करी मानक लिहिलेलं असलं तरी लष्कर ते प्रमाणपत्र देत नाही. ती चाचण्यांच्या पद्धतींची जंत्री आहे, आणि त्यातल्या कोणत्या करायच्या ते कंपनीच ठरवते. मी विक्रेत्याला पद्धतीचा क्रमांक विचारते: ५१६ म्हणजे धक्का, ५१४ कंपन, ५१० धूळ आणि वाळू, ५०७ दमटपणा. क्रमांक मिळाला नाही तर तो शिक्का मी सजावट समजते. आयएसओ १४१३ या आंतरराष्ट्रीय मानकातली धक्क्याची चाचणी साधारण १ मीटरवरून कठीण लाकडी पृष्ठभागावर पडण्याइतकी असते. जी-शॉकचं मूळ उद्दिष्ट १० मीटरवरून पडून वाचण्याचं होतं. १९८३ साली आलेल्या पहिल्या मॉडेलपासून युक्ती तीच: आतलं यंत्र पोकळीत मोजक्या ठिकाणी टेकवून ठेवलेलं, आणि बाहेरची कड काचेपेक्षा उंच. त्यामुळे घड्याळ कसंही पडलं तरी सपाट फरशीवर काच टेकत नाही. दुसऱ्या कंपनीचं घड्याळ पाहतानाही ही कड बोटाने तपासावी. काच कडेच्या वर आली असेल तर बाकीची चिलखती रचना दिखाऊ.

काच कोणती? अॅक्रिलिकवर ओरखडे लवकर पडतात, पण ते पॉलिशने जातात आणि ती सहसा फुटत नाही. सफायरवर ओरखडा जवळपास पडत नाही, मात्र कडेवर नेमका फटका बसला तर टवका उडतो. मिनरल काच या दोन्हींच्या मधली. कड उंच असेल तर मिनरल पुरते.

पर्स वापरणाऱ्यांनी चुंबकाचा विचार करावा. पर्सच्या आणि मोबाइल कव्हरच्या चुंबकी बटणांशेजारी काट्यांचं क्वार्ट्झ (सेलवर चालणारं) घड्याळ थांबू शकतं; बाजूला केलं की चालतं, पण वेळ मागे राहते. चावीचं घड्याळ चुंबकित झालं तर पुढे पळतं आणि घड्याळजीकडून त्याचं चुंबकत्व उतरवून घ्यावं लागतं. काटेच नसलेल्या डिजिटलला ही चिंता नाही. धक्के, पाऊस, चुंबक यांचा हिशोब केल्यावर माझी निवड लहान चौकोनी डिजिटलवर स्थिरावली.

पट्ट्यात सर्वात जास्त फसगत होते. लष्करी नायलॉनचा एकसंध पट्टा बहुधा २७०–२८० मिलिमीटरचा असतो. १५ सेंटीमीटरच्या मनगटावर त्याचं शेपूट दोनदा दुमडूनही लोंबतं. २४० च्या आसपासचा आखूड मागावा. शिवाय घड्याळाखाली त्याचे दोन थर येतात आणि उंची २–३ मिलिमीटरने वाढते, म्हणजे बारीक केस निवडून कमावलेलं तिथेच गेलं. एका थराचा पट्टा घ्यावा, किंवा खालची छोटी पट्टी कापून कड मेणबत्तीवर नीट वितळवावी. रेझिनच्या पट्ट्यात शेवटची किमान दोन भोकं शिल्लक राहायला हवीत. बांधल्यावर करंगळी आत जाईल इतकी सैल जागा बरोबर.

रेझिन घेतलं म्हणजे पुरळ उठणार नाही असं नाही. निकेलची अॅलर्जी असेल तर बकल आणि मागचं झाकण कशाचं आहे ते विचारावं. तिथे टायटॅनियम सगळ्यात निर्धोक. डास पळवणाऱ्या मलमात डीट हे रसायन असेल तर ते प्लास्टिक आणि अॅक्रिलिक खातं. मलम आधी लावायचं, वाळू द्यायचं, हात पुसायचे, मग घड्याळ. पोहून आल्यावर साध्या पाण्याने धुणं पुरतं. रेटिंग ५० मीटर असेल तर पोहण्यापर्यंतच ठीक, ३० म्हणजे फक्त पाऊस आणि हात धुणं. पाण्याखाली बटण दाबू नये, आणि गरम पाण्याच्या आंघोळीला कोणतंच घड्याळ घालू नये, कारण उष्णतेने आणि साबणाने पाणी अडवणारी रबरी रिंग ढिली पडते.

घड्याळ परत करण्याची मुदत असते, तोवर एक चाचणी घरीच होते. घड्याळ मनगटाच्या उबेने किंवा हलक्या उन्हात कोमट करायचं, काचेवर थंड पाण्याचा थेंब मिनिटभर ठेवायचा आणि पुसायचा. आतल्या बाजूने धूसर ठिपका उमटला तर आत दमटपणा आहे. घड्याळ परत पाठवायचं. सेल बदलून आणल्यावर हीच चाचणी पुन्हा करते. रबरी रिंग न बदलता झाकण नुसतं दाबून बसवून देणारे बरेच असतात.