जुन्या पोर्टचं घरगुती टेस्टिंग आणि एका बुचाने मांडलेला छळ

पोर्ट, म्हणजे पोर्तुगालची गोड, जोरदार वाइन, तिचं टेस्टिंग म्हटलं की सगळे अक्रोड, अंजीर, संत्र्याची साल वगैरे सांगत बसतात, पण बुचाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. मला अजून त्याचा राग आहे, म्हणून हे लिहितेय.

चार बाटल्या जमवल्या होत्या. एक 10 वर्षांची टॉनी, एक 20 वर्षांची टॉनी, एक कोल्हेइता, म्हणजे एकाच वर्षाच्या द्राक्षांची टॉनी, आणि 1985 ची व्हिंटेज. पहिल्या तिघी लाकडी पिंपात म्हाताऱ्या झालेल्या आणि चौथी बाटलीत, आणि मला नेमका हाच फरक समोरासमोर ठेवून बघायचा होता. कुठली आणायची, ग्लास कुठले घ्यायचे हे सगळं सुरळीत झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. ग्लास फक्त वर थोडे निमुळते होणारे घ्या, त्या बोटभर उंचीच्या लिकरच्या ग्लासात वास कोंडून बसतो आणि काही कळत नाही.

तर व्हिंटेज. ही वाइन द्राक्षं काढल्यापासून दोन-तीन वर्षांत न गाळता बाटलीत भरतात आणि मग पुढची दशकं ती आतल्या आत बदलत राहते, त्यामुळे तळाशी गाळ धरतो, आणि तो थोडाथोडका नाही, बाटलीच्या आतल्या बाजूला चक्क कवच धरल्यासारखा चिकटतो. पूर्वी तळघरातल्या बाटल्यांवर पांढऱ्या रंगाचा एक फटकारा मारलेला असायचा, ती बाजू कायम वर ठेवायची म्हणजे गाळ तिच्या समोरच्या बाजूला बसतो. माझ्या बाटलीवर असलं काही नव्हतं आणि प्रवासात ती किती घुसळली गेली होती देव जाणे. मग काय, उभी करून ठेवली. किमान एक दिवस उभी ठेवा म्हणतात, पण हलवून आणलेली असेल तर तेवढ्याने भागत नाही, टॉर्च लावून बघावं तर आत अजून धूसरच. रोज जाता-येता टॉर्च मारून बघायचा आणि चडफडायचं. टॉनी तिघी बाजूला तयार, कारण त्यांचा गाळ पिंपातच मागे राहतो आणि त्या गाळूनच भरतात, उघडा आणि ओता. ही एकटी महाराणी सगळ्यांना ताटकळत ठेवून उभी.

शेवटी आत स्वच्छ दिसायला लागलं तेव्हा दादाला बोलावलं. वरची फॉइल काढली, बूच वरून काळपट, थोडं चिकट, ते ओल्या फडक्याने पुसलं. साधा स्क्रू लावला, सरळ मधोमध, हळूहळू वर घेतला आणि वरचा अर्धा भाग हातात, खालचा अर्धा आत तसाच. जुन्या पोर्टच्या बाटलीची मान बऱ्याचदा मध्ये किंचित फुगीर असते, बूच वर्षानुवर्षं त्या आकारात फुगून बसतं, आणि मग अरुंद तोंडातून बाहेर यायला बघतच नाही, त्यात ते ओलं होऊन ठिसूळ झालेलं. म्हणजे हे मोडणारच, यात उघडणाऱ्याचा हात कितीही हलका असो.

दादा म्हणाला, "अगं, ढकल आत आणि ओत, वाइन आहे ती, औषध नाही!"

मी नाही ढकललं. दोन पात्यांचं ओपनर असतं, त्याची पाती बूच आणि काचेच्या मधून डोलवत डोलवत खाली सरकवायची आणि मग पिळत पिळत वर घ्यायचं. अख्ख्या जुन्या बुचासाठी हेच आधी वापरा, स्क्रूच्या वाटेला जाऊच नका. अर्ध्या बुचाला मात्र पाती बसेनात, दाबलं की ते खालीच सरकायला बघे. मग परत स्क्रू तिरका घालून, बूच काचेच्या एका बाजूला दाबत, मिलीमीटर मिलीमीटर वर. घाम फुटला हो. मधला तुकडा आला, खालचा चुरा होऊन वाइनवर तरंगायला लागला. पोर्तुगालमध्ये यावर जालीम उपाय आहे, लोखंडी चिमटा लालभडक तापवून बुचाच्या खाली मानेला धरतात आणि मग गार ओलं फडकं लावतात, मान बुचासकट कट्‌कन सुटते. बघायला फार छान, पण आमच्या स्वयंपाकघरात दादाच्या हातात तापलेला चिमटा ही कल्पना मला झेपली नाही.

आता ओतणं. डिकँटरवर, म्हणजे वाइन ओतून ठेवायच्या काचेच्या भांड्यावर, बारीक गाळणी, तीत धुतलेलं मलमलचं कापड, बाटलीच्या मानेखाली टॉर्च, आणि एकाच धारेत, मध्ये न थांबता ओतायचं, कारण बाटली परत सरळ केली की गाळ उसळतो. काच इतकी गडद की टॉर्चशिवाय काही दिसत नाही. आधी नितळ विटकरी धार, मग एक बारीक काळी रेघ मानेकडे सरकताना दिसते, ती तोंडाशी आली की थांबायचं. तळाशी थोडी राहतेच, ती जाऊ द्या. कॉफीच्या कागदातून गाळली तर कागदाची चव उतरते, निदान मला तरी ती लागली. आणि हो, साबणाचा वास असलेलं कापड वापरलंत तर एवढी मेहनत पाण्यात.

हे होईपर्यंत टॉनी फ्रिजमधून काढून परत आत ठेवायची वेळ आली होती. टॉनी थोडी गार हवी, 14 डिग्रीच्या आसपास, नाहीतर 20 टक्के अल्कोहोल सरळ नाकात जातं. आंबवणं अर्ध्यावर असताना द्राक्षाचं स्पिरिट घालून ते थांबवतात, म्हणून गोडवाही राहतो आणि जोरही. त्यामुळे ग्लासात दोन घोटांपुरतीच ओता, मध्ये पाणी आणि साधा पाव, नाहीतर तिसऱ्या ग्लासापासून सगळंच नुसतं गोड लागतं.

चवीचं थोडक्यात सांगते. 10 वाली अजून लालसर, मनुका आणि कॅरॅमल. 20 वाली तांबूस, अक्रोड, बदाम, आणि गिळल्यावरही तोंडात रेंगाळणारी. या 20 चा अर्थ स्कॉचसारखा धरू नका, तिथे बाटलीतला सगळ्यात तरुण थेंबही तितक्या वयाचा असावा लागतो. वयाचा आकडा लिहिलेली टॉनी म्हणजे वेगवेगळ्या वयांचं मिश्रण, आणि आयव्हीडीपी या पोर्ट वाइनवर देखरेख करणाऱ्या पोर्तुगीज संस्थेचं पॅनल चाखून ठरवतं की याला त्या वयाचा बाज आहे का. कोल्हेइता एकाच वर्षाची, पिंपात निदान 7 वर्षं राहिलेली. तिच्या लेबलवर बाटलीत भरल्याचं वर्ष आधी बघा, कारण बाटलीत गेल्यावर तिचं म्हातारपण जवळपास थांबतं. एकाच सालच्या दोन कोल्हेइता, एक 10 वर्षांनी भरलेली आणि एक 30 वर्षांनी, यांची तुलनाच होऊ शकत नाही.

आणि व्हिंटेज? सुरुवातीला काही बोलेनाच. दादा म्हणाला, "एवढ्यासाठी?" पण तासाभराने तिच्यात सुकी चेरी, कोको, काहीतरी वाळलेल्या पानांसारखं यायला लागलं आणि तोंडात अजूनही थोडी तुरट पकड. टॉनीत हवेने केलेलं काम दिसतं, हिच्यात हवेशिवाय झालेलं, आणि हे शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. तरी खरं सांगू, मला 20 वाली टॉनीच जास्त आवडली, आणि तिचं बूच हाताने निघतं!

अजून एक, कुठली कुठली ते न सांगता दुसऱ्याकडून ग्लास भरून घ्या. दादाने डोळे झाकून 10 वालीला व्हिंटेज ठरवलं आणि वर वाद घातला. उरलेल्याचं म्हणाल तर व्हिंटेज दोन दिवसांत संपवा, तिसऱ्या दिवशी ती लुळी पडते. टॉनी बूच लावून फ्रिजमध्ये काही आठवडे आरामात टिकते. निदान टिकायला हवी, आमच्याकडे ते तपासायला उरली नाही.