धारगळच्या चपला

सायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या, दर्शनाला सावंतवाडी ते जुनं गोवं, ७०-एक किलोमीटर. गाडीने दोन तास, पायी तीन दिवस. २०२३ला मी पहिल्यांदा चाललो आणि खरं कारण कोणालाच सांगितलं नाही. घरात म्हटलं, आईचा नवस होता. आई नवस बोलणाऱ्यातली नव्हतीच.

कारण काजूच्या बागेचं होतं. बाबा अंथरुणाला खिळलेले असताना मी त्यांच्याकडून बक्षीसपत्र करून घेतलं. धाकटा दुबईत होता. त्याला कळलं ते सातबारा बघितल्यावर. तेव्हापासून सहा वर्षं बोलणं नाही. या सहा वर्षांत मी कुमसाराला, म्हणजे फादरपुढे पाप कबूल करायला, गेलो नाही असंही नाही. दरवर्षी राखेच्या बुधवारानंतर जायचो. राग, खोटं बोलणं, चर्चमधल्या चुकलेल्या मिस्सा असलं किरकोळ सांगून उठायचो. बाग तोंडावर यायची नाही.

निघायच्या आदल्या दिवशी, २६ नोव्हेंबरला, ख्रिस्तराजाचा सण. वाचन बायबलातल्या मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायाचं, शेवटच्या न्यायाचं: चांगली ती मेंढरं उजवीकडे, पापी ती शेरडं डावीकडे. लहानपणापासून हे वाचन आलं की मी मनात आपली बाजू चाचपून बघतो. या वेळी चाचपायची गरज पडली नाही. ठरवलं, चालून फेडायचं. पाय सोलवटले तर बरंच, तेवढं तरी खात्यात जमा होईल.

बांदा गेलं, पत्रादेवीचं हुतात्मा स्मारक गेलं, रात्री कुठल्याशा कपेलात, छोट्या प्रार्थनाघरात, झोपलो. तेर्स, म्हणजे जपमाळेवरच्या प्रार्थना, किती झाले ते मोजायचं मी सोडून दिलं. पुढे आमच्या जथ्याचे म्होरके मामा भोंगा घेऊन ‘नमान मरिये’ सुरू करायचे. मागून ट्रक यायचा, अर्धी प्रार्थना हॉर्नमध्ये जायची आणि आम्ही उरलेली अर्धी म्हणायचो. मामांना मागे पडलेल्यांचा फार राग. “फाटली मंडळी! सायब तुमच्यासाठी थांबतलो काय?” हे भोंग्यातून. फाटली मंडळी म्हणजे मी आणि एक सत्तरीची बाय. तीसुद्धा दुपारी पुढे गेली.

बूट नवे घेतले होते, खास चालायला म्हणून. कोणीतरी सांगायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी धारगळच्या आसपास डाव्या टाचेचा फोड फुटला, मग उजव्या अंगठ्याखालचा. हायवेचं काँक्रीट खालून भाजत होतं. प्रत्येक पावलाला बाबांचा थरथरता हात आणि माझा त्याखाली धरलेला कागद दिसायचा. मला वाटलं होतं, दुखलं की हलकं वाटेल. हलकं काही वाटलं नाही, नुसतं दुखलं. मामांना चार शिव्या घातल्या मनात. त्यातली एक सायबालाही लागली असेल.

रस्त्याला लागूनच एक घर. अंगणात वृंदावन, तुळशीच्या लग्नाचा ऊस अजून तसाच बांधलेला, आवळे सुकत चाललेले. मी पायरीवर बसलो, विचारलंसुद्धा नाही. आतून एक बाई आली. माझ्या पायांकडे बघितलं, गळ्यातल्या तेर्साकडे बघितलं, आत गेली. परत आली ती कोमट पाण्याची बालदी घेऊन, मीठ घातलेलं. मी पाय सोडले आणि पन्नाशीचा माणूस मी, ओरडलो. ती हसली. मग खोबरेल, मग जुन्या लुगड्याची चिंधी. बांधायला वाकायला लागली तेव्हा मी पाय मागे घेतला. नको, मी बांधतो. “बस गप,” म्हणाली आणि बांधलंच. आतून कोणीतरी पुरुष खोकत होता.

बूट आता चढेनात. ती आत जाऊन चपला घेऊन आली, जाड तळाच्या, पुरुषाच्या, एका पट्ट्याला तार ओवलेली.

“घाल. तेंचे आसत. तेंका आता चलूक जायना.”

मी पाकीट काढलं. इथे मात्र ती चिडली.

“पैशे कित्याक? हॉटेल न्हय हें.”

निदान नाव तरी सांगा, म्हटलं. प्रार्थनेत घेईन. तोवर ती बालदीतलं पाणी माडाच्या आळ्यात ओतायला गेली होती.

पुढे कोलवाळच्या पुलापर्यंत मी चिडूनच चाललो. इतकी वर्षं त्या अध्यायात मी मेंढरं आणि शेरडं एवढंच बघत आलो. तिसरं कोणी असतं तिथे, तान्हेलेलं, परकं, दुसऱ्याच्या पायरीवर बसलेलं, आणि त्याची लायकी कोणी विचारत नाही, हे डोक्यातच आलं नव्हतं. बाईने विचारलं असतं, तर खरं सांगून मी बालदी परत केली असती. असं आपलं मला तेव्हा वाटत होतं.

म्हापसा, पर्वरी, मांडवी, रायबंदरचा लांबलचक बांध. पोचलो. नोव्हेनाची, म्हणजे सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेची, गर्दी, मांडवात मिस्सा चालू, सायब वर आपल्या चांदीच्या पेटीत. तो स्वतः ३ डिसेंबर १५५२ला चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर गेला, होडीची वाट बघत. जायचं होतं तिथे पोचलाच नाही. हे मला शाळेपासून ठाऊक आहे, पण त्या दिवशी त्याचं जरा बरं वाटलं.

कुमसाराच्या रांगेत तासभर उभा राहिलो. फादर म्हातारे, कान जाळीला लावलेला. बाग सांगितली. बक्षीसपत्र सांगितलं, बाबांचा हात सांगितला. आता खरा निवाडा होणार म्हणून मान खाली घालून राहिलो.

“तीन नमान मरिये,” फादर म्हणाले. “आनी भावाक फोन कर. बागेचें ताच्याकडेन उलय.”

“एवढंच?” माझ्या तोंडून गेलं. “फादर, मी सावंतवाडीहून चालत…”

“फाटल्यान लायन आसा, पुता.”

आणि पापक्षमेचे शब्द म्हणून मोकळे झाले.

बाहेर फेस्ताच्या जत्रेत नव्या चपला घेतल्या, खाजें घेतलं. फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. तेव्हा दुबईत साडेनऊ, तो कामावर असणार. खरं सांगायचं तर बरंच वाटलं.

दुपारच्या बसने परत. धारगळच्या चपला धुऊन पिशवीत घेतल्या होत्या. तिथे उतरायचं, द्यायच्या, मागची गाडी पकडायची. खिडकी धरून बसलो. कोलवाळचा पूल गेला आणि ऊस बांधलेलं वृंदावन शोधू लागलो, तेवढ्यात फोन वाजला. त्याचा.

“कोण गेला?” हे पहिलं वाक्य, सहा वर्षांनंतरचं.

“कोण नाय,” मी म्हटलं. “कोण नाय गेला रे. मी बोलतंय.”

पलीकडे तो काही बोलेना. त्याने फोनही ठेवला नाही. बाहेर बघितलं तेव्हा पत्रादेवी आली होती, आणि चपला मांडीवरच होत्या.