टाके उजव्या बाजूला होते

जानेवारीतली रात्रपाळी. आमच्या पीएनसी वॉर्डाच्या, म्हणजे बाळंतिणींच्या वॉर्डाच्या, दोन खिडक्यांच्या काचा फुटलेल्या आहेत, तिथे जुन्या एक्स-रेच्या फिल्म चिकटवल्यात आणि फटींमध्ये बाळंतिणींच्या आया टॉवेल कोंबतात. नाशिकची थंडी तरीही आत येतेच. ३० खाटा, त्या रात्री ३६ बाळंतिणी, सिस्टर मी एकटी आणि सोबत एक मावशी. हे रडगाणं म्हणून सांगत नाही, पुढचं कळावं म्हणून सांगतेय.

ती मुलगी पेठकडची. द्राक्षाच्या कामाला नवऱ्याबरोबर दिंडोरी तालुक्यात आलेली, मळ्यावरच राहायची. पहिलटकरीण, वय २१. रात्री ८.५० ला नॉर्मल डिलिव्हरी, ३ किलो २०० ग्रॅमचा मुलगा. योनीच्या तोंडाशी उजव्या बाजूला छेद देऊन टाके घातलेले. दोन तास लेबर रूममध्ये ठेवून ११ वाजता माझ्याकडे आली.

बाळंतीण वॉर्डात आली की आम्ही काय बघतो, तर पोटावर हात ठेवून गर्भाशय बघतो. बेंबीच्या आसपास नारळासारखं कडक लागलं पाहिजे. मऊ लागलं तर चोळायचं आणि डॉक्टरांना हाक मारायची. मग पॅड. मग नाडी, बीपी. तिचं गर्भाशय कडक होतं, पॅड जेमतेम भिजलेलं, नाडी ८८, बीपी ११०/७०. लघवी मात्र अजून झाली नव्हती. ताज्या टाक्यांच्या भीतीने बऱ्याच जणींची होत नाही, म्हणून मी तांब्याभर पाणी प्यायला सांगितलं आणि म्हटलं, "टाके उजव्या अंगाला आहेत, डाव्या कुशीवर झोप, म्हणजे ताण पडायचा नाही."

११.४० ला तिने पहिल्यांदा हाक मारली. "ताई, लय ठणकू ऱ्हायलंय."

मी काय म्हटलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. "टाके आहेत बाळा, दुखणारच. थोडं सोसायचं." पॅरासिटामॉल ५०० च्या दोन गोळ्या दिल्या आणि पुढच्या खाटेकडे गेले, कारण तिथलं बाळ छातीला लागत नव्हतं.

बाळंतपणानंतरचं दुखणं हा माझा रोजचा विषय आहे, त्याचे प्रकार मला तोंडपाठ आहेत. बाळ पाजायला घेतलं की ओटीपोटात कळ येते. पाजताना ऑक्सिटोसिन सुटतं, त्याने गर्भाशय आवळतं, त्याची ती कळ. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बाईला ती जास्त येते आणि दोन-तीन दिवसांत ओसरते. टाके दुखतात ते बसताना, उठताना, आणि लघवीच्या वेळी झोंबतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध भरून छाती दगडासारखी होते ते वेगळं. यातल्या प्रत्येकाला चढउतार असतो. गोळीने, कूस बदलल्याने, गार पट्टीने थोडा तरी उतार पडतो. तिचं दुखणं उतरत नव्हतं, चढतच चाललं होतं, आणि एवढा एक फरक १४ वर्षांच्या नोकरीनंतर मला ११.४० लाच नाही तरी साडेबाराला कळायला हवा होता.

साडेबाराला डॉक्टरांना फोन केला. त्या सिझेरियनमध्ये होत्या, दुसऱ्याच कुणीतरी फोन कानाशी धरून निरोप दिला, "डायक्लोफेनॅक द्या." दिलं. नाडी १०४ होती. दुखतंय म्हणून वाढली असेल असं मी मनाशी म्हटलं आणि तसंच लिहिलंही: टाक्यांची वेदना, पेशंटला समजावले.

१.२० ला बघते तर ती उजव्या कुशीवर. म्हणजे थेट टाक्यांवर. मी रागावलेच. "अगं, टाक्यांवरच काय झोपतेस? वळ डावीकडे."

"डावीकडं टेकवत न्हाई ताई."

तिची आई खाली सतरंजीवर बसलेली होती. संध्याकाळपासून मला एका शब्दाने बोलली नव्हती. ती उठून म्हणाली, "सिस्टर, टाके उजवीकडं म्हनता ना तुम्ही? मग ही डाव्या अंगाला हात का लावू देत न्हाई? आन् मघापासून परसाकडंला जायचं म्हन्ते, दोनदा नेली मावशींनी. होत तर काही न्हाई."

ते ऐकलं आणि माझ्या पोटात गोळा आला. परसाकडला लागल्यासारखं वाटणं आणि न होणं. लघवी न होणं. टाके एकीकडे आणि दुखणं दुसरीकडे. तिन्ही गोष्टी माझ्यासमोर दोन तास पडून होत्या.

आमच्या वॉर्डात पडदे नाहीत. मावशीने एका बाजूला चादर धरली, तिच्या आईने दुसऱ्या बाजूला. तिला कुशीवरच राहू दिलं, वरचा पाय पोटाशी घ्यायला लावला आणि टॉर्च लावला. उजवीकडचे टाके स्वच्छ होते, सुंदर घातलेले, एक थेंब रक्त नाही. योनीचा डावीकडचा ओठ फुगून मोसंबीएवढा झाला होता. कातडी ताणून चकचकीत झालेली, रंग पिकल्या जांभळाचा. हातमोज्याच्या बोटाने नुसता स्पर्श केला तर ती ओरडली. पॅड जवळजवळ कोरडं.

याला हिमॅटोमा म्हणतात. बाळाचं डोकं येताना आतली एखादी रक्तवाहिनी फाटते, वरची कातडी मात्र शाबूत राहते, म्हणून टाके नसलेल्या बाजूलाही तो होऊ शकतो. तिथलं मांस सैल, त्यात रक्त साचत जातं आणि बाहेर काहीच दिसत नाही. शेकडो मिली रक्त असं दडून बसतं. साचलेलं रक्त गुदद्वारावर दाबतं म्हणून शौचाची भावना, मूत्रमार्गावर दाबतं म्हणून लघवी अडते. आणि तरुण, धडधाकट बाईचं बीपी शेवटपर्यंत टिकून राहतं, आधी नाडीच वाढते. नाडी मोजली, १२६. बीपी १००/६०. तळवे गार.

पुढचं भराभर झालं. सलाईनच्या दोन लाइन लावल्या, रक्ताचा नमुना पाठवला, मावशी ऑपरेशन थिएटरच्या दारात जाऊन उभी राहिली आणि डॉक्टर मॅडमना घेऊनच आली. त्यांनी बघितलं, एक अक्षर न बोलता हात धुवायला गेल्या. २.१० ला ती टेबलावर होती. भूल देऊन फुगवटा उघडला, साडेचारशे मिली गुठळ्या निघाल्या, वाहणारी शीर बांधली, पॅक ठेवला, लघवीची नळी घातली. रक्ताच्या दोन पिशव्या लागल्या. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात त्या मोफत मिळतात. २०११ पासूनची ही सोय नसती तर त्या नवऱ्याने रात्री अडीचला पैसे कुठून आणले असते, मला माहीत नाही.

पहाटे पाचला ती परत आली. मी विचारलं, "दुखतंय का गं?" ती म्हणाली, "दुखू ऱ्हायलंय, पन हे टाक्याचं हाय. मघाचं येगळं होतं."

मघाचं वेगळं होतं. तिला ते कळत होतं. मी तिला एकदाही विचारलं नव्हतं की कुठे दुखतंय, कसं दुखतंय, बोट ठेवून दाखव.

आमच्या चार्टवर ताप, नाडी, श्वास, बीपी, लघवी यांचे रकाने आहेत. दुखण्याचा रकाना नाही. मी आता लाल पेनाने समासात आखते आणि ० ते १० मध्ये आकडा विचारून लिहिते. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, छापील फॉर्मवर असलं काही चालत नाही. त्यांनीच हेही सांगितलं की आमच्या वेळी बायका हूं की चूं करत नसत. हूं की चूं न करणाऱ्यांतल्या किती जणींना असं काही झालं असेल, हा विचार मला आता झोपू देत नाही.

ती पाच दिवस राहिली. रोज सकाळी मी हातमोज्यात पाणी भरून त्याचा बर्फ करून आणायचे आणि तिच्या आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून द्यायचे, एका वेळी १० मिनिटं. पहिल्या दिवशी आजूबाजूच्या सगळ्या आज्या माझ्यावर तुटून पडल्या. बाळंतिणीला बर्फ? मी त्यांना उत्तर देत बसले नाही. गेल्या वर्षी एक जण खाटेखालच्या शेगडीने ताज्या टाक्यांवर भाजून आली होती, सुजलेल्या कातडीला चटका लवकर कळत नाही. पाणी कमी पाजण्याचंही तसंच: शौचाला खडा होतो आणि टाके अजून दुखतात. तिच्या आईला मी सांगितलं, सूज उतरली की मग कोमट पाण्याच्या टबात बसव, डिंकाचे लाडू खुशाल दे, पण तांब्या तिच्या उशाशी भरलेला ठेव. आणि गोळ्या दुधात उतरतील म्हणून बंद करू नको, पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन पाजणाऱ्या बाईला चालतात. तिने सगळं मान हलवत ऐकलं, आणि शेगडीचं मात्र पुन्हा एकदा विचारलं.

डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टर मॅडम एकट्या सापडल्या तेव्हा मी विचारलं, "११.४० ला मी चादर उचलली असती तर किती दिसलं असतं?"

त्या थोडा वेळ थांबल्या. म्हणाल्या, "लिंबाएवढं असेल. कदाचित काहीच नसेल. सांगता येणार नाही, सिस्टर."

तेवढ्यात मुलगी आईच्या आधाराने जिन्यापर्यंत पोचली होती. पायरी उतरताना ती आधी डावा पाय टाकत होती.