पिळलेले पोतेरे

फरशी पुसणे म्हणजे बादलीभर पाणी, त्यात थोडे फिनेल, आणि आतल्या कोपऱ्यापासून उकिडवे बसून दाराकडे मागे मागे सरकत येणे, ही माझी समजूत साताऱ्याच्या घरातल्या शहाबादी फरशीवर पक्की झाली होती. बॉस्टनजवळच्या, १९२०च्या दशकात बांधलेल्या या घरात राहायला आल्यावर पहिल्याच शनिवारी मी त्याच उत्साहाने बादली भरली. शेजारच्या आजोबांनी उघड्या दारातून ते दृश्य पाहिले आणि नमस्कार-चमत्कार बाजूला ठेवून आधी बादली उचलायला लावली.

इथली जमीन रेड ओक या कठीण लाकडाची आहे. सव्वादोन इंच रुंद आणि पाऊण इंच जाड पट्ट्या, एकीच्या कडेची जीभ दुसरीच्या खाचेत बसवलेली. हे लाकूड शंभर वर्षांनीही हवेतली ओल घेत आणि सोडत असते. ओल घेताना ते रुंदीत फुगते, लांबीत मात्र जवळजवळ नाही. साताऱ्याच्या माजघराचे दार आषाढात फुगून अडकायचे आणि दिवाळीच्या सुमारास आपोआप सुटायचे, तोच हा प्रकार. फरक इतकाच, की इथे कोरडेपणा हिवाळ्यात घर तापवण्यातून येतो. जानेवारीत पट्ट्यांमध्ये नख शिरेल एवढ्या फटी पडतात आणि जुलैत त्या मिटतात. पहिल्या वर्षी मी त्या लांबीने, म्हणजे फटी बुजवायच्या पुट्टीने, भरायला निघाले होते. उन्हाळ्यात पट्ट्या फुगल्या की ती सगळी लांबी पिळून वर येईल, हेही आजोबांनीच सांगितले. वरून पाणी सांडून सांध्यांत मुरले, तर पट्टीच्या कडा वर उठतात आणि मधे पन्हळीसारखा खोलगटपणा येतो. वाफेने पुसायचे यंत्र तर ती वाफ दाबून थेट सांध्यांतच घालते.

गेल्या वर्षी आई सहा महिन्यांसाठी आली, तेव्हा तिला यातले काहीच पटले नाही. "ओले केल्याशिवाय पुसले कसले? कोरडेच फिरवायचे तर ते केर काढणे झाले!" असे तिचे म्हणणे होते, आणि तिने तक्रार म्हणून सांगितलेली ही गोष्टच खरे तर या जमिनीच्या निगेचे सार आहे. लाकडावरचा लेप पाण्याइतकाच बुटांबरोबर आलेल्या बारीक वाळूने जातो, कारण ती पायाखाली पॉलिश पेपरसारखी घासते. त्यामुळे रोजचा मऊ केसांचा झाडू, खुर्च्यांच्या पायांना चिकटवलेले नमद्याचे तुकडे आणि चपला दाराबाहेर काढण्याची आपली सवय यांचा उपयोग दुकानातल्या कोणत्याही रंगीत बाटलीपेक्षा जास्त होतो. व्हिनेगरचा उपाय जो तो सुचवतो. मी तो करत नाही, कारण आम्लाने लेपाची चमक हळूहळू मरते.

मागच्या खोलीत फुलदाणीखाली पांढरी वर्तुळे उमटली होती. ती पाहायला आलेल्या जमीन तासणाऱ्या कारागिराने कपाटामागच्या कोपऱ्यात स्पिरिटचा एक थेंब टाकला, जरा थांबून बोट टेकवले आणि ते चिकटताच म्हणाला, "शेलॅक." शेलॅक म्हणजे आपली लाख. पॉलियुरेथेनचा प्लॅस्टिकसारखा लेप येण्यापूर्वी इथल्या कितीतरी घरांत जमिनीला लाखेचाच हात देत, आणि जगाला लागणारी बहुतेक लाख पळस, कुसुम, बोर अशा झाडांवरच्या किड्यांपासून हिंदुस्थानात तयार होत असे. ती स्पिरिटमध्ये विरघळते आणि पाण्याने पांढरी पडते. आईला हे ऐकून त्या खोलीविषयी एकदम माया वाटू लागली. बांगड्यांची लाख, पार्सलांवर मोहोर उमटवायची लाख, आणि आता पायाखालीही लाखच! त्या दिवसापासून फुलदाणीखाली बशी आली.

त्याच कारागिराने जाताना गरम हवेच्या झरोक्याची जाळी उचलून पट्टीची कापलेली कड दाखवली. जमीन जितक्या वेळा तासावी, तितका जिभेवरचा लाकडाचा थर कमी होतो. आमची दोनदा तरी तासून झालेली दिसते आणि फार तर आणखी एकदा तासता येईल. तेव्हापासून बारीकसारीक ओरखड्यांकडे मी काणाडोळा करते. वर्षातून एकदा बैठकीच्या खोलीत पाण्याचा थेंब टाकून मात्र पाहते. तो मण्यासारखा उभा राहिला तर लेप शाबूत आहे; मुरून काळसर डाग पडला तर तिथला लेप झिजला आहे.

परतीच्या आदल्या दिवशी आईने जुन्या सुती साडीचे पोतेरे करून पिळले, पुन्हा पिळले, आणि माझ्या हातात ठेवून म्हणाली, "घे, तुझ्या लाकडाच्या मानाने कोरडे झाले का, बघ." मी सगळा जोर लावून पिळले. एक थेंब निघालाच. तिने तो पदराने टिपला.