तुम्ही विचारलंत म्हणून: आपल्याच सरकारशी भांडण कसलं?

दर जानेवारीत मी नेरुळहून उरण तालुक्यातल्या जासईला हुतात्म्यांना वंदन करायला जाते. सोसायटीतले शेजारी हटकून विचारतात, ‘इंग्रज गेले. आता आपणच निवडून दिलेल्या सरकारविरुद्ध रस्त्यावर उतरायचा हक्क कुठून आणलात?’

माझ्या आजीच्या पत्र्याच्या पेटीत भूसंपादनाची नोटीस होती. घड्यांवर विरलेली, कोपऱ्यात हळदीचा डाग. आजीला अक्षर कळत नव्हतं, तरी सणासुदीला पेटी उघडली की ती तो कागद एकदा हातात घ्यायची. १९७० नंतर ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी गेल्या. सार्वभौम सत्ता म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव खोडू शकणारा हात, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

१६ आणि १७ जानेवारी १९८४ ला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली रस्त्यावर उतरलेल्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण गेले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना या लढ्यातून आली, मागून मिळाली नाही. त्याच उरण तालुक्यात, चिरनेरला, २५ सप्टेंबर १९३० ला जंगल सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या होत्या. तेव्हा सरकार परकं होतं, एवढाच फरक.

हक्क कुठून आला? संविधान ‘आम्ही, भारताचे लोक’ असं सुरू होतं. सत्ता आपण सरकारला कसायला दिलीय, खरेदीखत करून दिलेली नाही.

बाबासाहेबांनी मात्र २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बजावलं होतं, की घटनात्मक मार्ग मोकळे असताना सत्याग्रहही सोडून द्यावा. हे वाचताना मी दरवेळी थांबते. हिंसेबद्दल त्यांचा शब्द मला पूर्ण मान्य आहे. पण मार्ग खरंच मोकळे आहेत का, हे कुणी ठरवायचं? आणीबाणीत, २८ एप्रिल १९७६ ला, सर्वोच्च न्यायालयाच्या पाचपैकी चार न्यायमूर्तींनी सांगितलं, की बेकायदा अटकेविरुद्धही दाद मागता येणार नाही. एकटे न्या. एच. आर. खन्ना विरोधात उभे राहिले.

आजी गेल्यावर ती नोटीस मी पहिल्यांदा नीट वाचली. खाली एक ओळ होती: हरकत असल्यास मुदतीत कळवावे. मुदत संपल्यावरही किती वर्षं आजी तो कागद नुसता हातात धरून बसायची. ती ओळ तिला कुणी वाचूनच दाखवली नव्हती.